जाडजूड माणसाचे हाड मोडत नाही, हे खरे का?



बंदीचे दिवस चालू आहेत. होड्या वर ओढून ठेवल्यात, ट्रॉलर जेटीला बांधलेत, जाळ्यांची दुरुस्ती चालली आहे. एरवी ज्यांना दोन मिनिटे बसायला वेळ नसतो तेही आता कार्यालयात येऊन चहा घेऊन जातात. मागच्या पंधरवड्यात असेच दोन मुलगे एकाच सकाळी आले. दोघांच्याही आया पडल्या होत्या आणि दोघींचेही हाड मोडले होते. अपघात विम्याचा फॉर्म कसा भरायचा, हे विचारायला आले होते.

पहिल्याची आई ६७ वर्षांची. उंचीने पाच फुटांच्या किंचित आत, वजन ४२ किलो. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्याची आई ५५ वर्षांची, वजन ८४ किलो, अजून रोज बाजारात बसून मासळी विकते. बाजाराच्या ओल्या पायरीवर पाय मुरगळला आणि घोट्याकडची दोन्ही हाडे मोडली.

पहिला म्हणाला, "भाऊ, आमची आई म्हणजे नुसती काडी. तिचं मोडणारच." दुसरा मात्र चक्रावला होता. "आमची आई एवढी धट्टीकट्टी, अंगानं भरलेली. तिचं कसं काय मोडलं? जाड माणसाचं हाड मजबूत असतं ना?"

मला तेव्हा त्याला नीट उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे, मी काही डॉक्टर नव्हे. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण आपल्या वाड्यावर हे वाक्य सगळेच बोलतात. मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना गाठले, थोडे वाचले, परत जाऊन शंका विचारल्या. जे समजले ते आपल्या भाषेत लिहितो आहे. थोडे लांबले आहे, पण बंदी आहे, वेळ आहे, वाचा.

आधी हाड म्हणजे काय ते. आपल्याला वाटते हाड म्हणजे दगडासारखी वस्तू, एकदा झाली की झाली. तसे नाही. जुन्या लाकडी होड्या आठवा. दर पावसाळ्यात सुतार यायचा, कुजकी फळी काढायचा, नवी बसवायचा. आपल्या हाडात हेच काम बारा महिने चालू असते. एका जातीच्या पेशी जुने हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या जातीच्या पेशी मागून येऊन नवे भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो. तिशीपर्यंत भरणाऱ्यांचा हात पुढे असतो, म्हणून तोवर हाड कमावले जाते. पुढे काही वर्षे बरोबरी चालते आणि मग काढणारे पुढे जातात. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर हे एकदम वेगाने होते. पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांचा वीस टक्क्यांपर्यंत भाग निघून जातो. पुरुषांचे हळूहळू जाते, पण जातेच.

आता कुठल्या हाडात किती भर घालायची, हे शरीराला कसे कळते? भारावरून कळते. ज्या हाडावर ओढ, दाब, हिसका बसतो ते जाड होते. टेनिस खेळणाऱ्यांच्या ज्या हातात रॅकेट असते त्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेले असते. उलट अंतराळात राहणाऱ्यांना वजनच नसते, त्यांच्या खुब्याचे आणि मणक्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते. तेही रोज व्यायाम करणारी, निवडून घेतलेली निरोगी माणसे.

म्हणजे त्या दुसऱ्या मुलाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ८४ किलोचे शरीर उचलून चालणाऱ्या पायांच्या हाडांना ४२ किलोच्या शरीरापेक्षा जास्त भार मिळतो, त्यामुळे जाड माणसाच्या हाडाची घनता सहसा जास्त भरते. चरबीचा आणखी एक उपयोग आहे. पाळी गेल्यावर अंडाशयातून ईस्ट्रोजेन येणे जवळजवळ थांबते, पण अंगावरच्या चरबीत ते थोडेफार तयार होत राहते, आणि ईस्ट्रोजेन म्हणजे हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालणारा. शिवाय बाजूवर पडल्यावर खुब्याभोवतीची चरबी गादीसारखी मध्ये येते. बारीक बाईच्या खुब्यावर ही गादी नसते, फटका सरळ हाडावर.

बारीक असणे धोक्याचे आहे याबद्दल डॉक्टरांना शंका नाही. वेगवेगळ्या देशांतल्या जवळपास ६० हजार लोकांची माहिती एकत्र करून २००५ साली हिशेब मांडला गेला. त्यात बॉडी मास इंडेक्स २० असणाऱ्यांचा खुबा मोडण्याचा धोका २५ असणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. हा इंडेक्स काढायला सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने भागायचे, आणि आलेल्या उत्तराला परत उंचीनेच भागायचे. पहिली आई दीड मीटर उंच आणि ४२ किलोची, म्हणजे ४२ भागिले दीड, २८. पुन्हा भागिले दीड, साडेअठराच्या जरा वर. दुसरी आई १.५५ मीटर आणि ८४ किलोची, तिचा येतो ३५.

पण याच हिशेबातली दुसरी गोष्ट आपण ऐकत नाही. २० वरून २५ वर जाताना जो फायदा होतो, तो २५ वरून ३० वर जाताना होत नाही. तिथे फायदा अगदी थोडा उरतो. म्हणजे चार किलो कमी असलेल्या बाईने चार किलो कमावले तर हाडाला उपयोग आहे. पण आधीच भरलेल्या बाईने आणखी दहा किलो चढवले तर हाडाला त्याचे फारसे काही मिळत नाही. आणि नुकसान दुसरीकडून सुरू होते.

ते नुकसान समजून घेऊ, कारण दुसऱ्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

वजन म्हणजे काय काय? त्यात स्नायू आहेत, चरबी आहे, पाणी आहे, हाड आहे. काट्यावर सगळे एकत्रच येते. हाडाला खरी ओढ देतो तो स्नायू, कारण स्नायू हाडाला चिकटलेला असतो आणि प्रत्येक हालचालीला ते खेचतो. चरबी नुसती बसून असते. ट्रॉलरच्या खोलात बर्फ आणि मासळी भरली तर कामाचा भार. त्याच खोलात पाणी शिरले तरी वजन वाढतेच, पण त्याला कुणी भरलेली होडी म्हणत नाही.

सगळी चरबीही सारखी नसते. मांड्यांवरची, कुल्ह्यांवरची चरबी तशी निरुपद्रवी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी साठते ती वाईट. ती शरीरात बारीक सूज तेवत ठेवणारी द्रव्ये सोडत राहते, आणि ही द्रव्ये हाड कुरतडणाऱ्या पेशींना बळ देतात. ईस्ट्रोजेनने एका हाताने दिलेले ही दुसऱ्या हाताने काढून घेते.

मला सगळ्यात नवल वाटले ते हाडाच्या आतल्या चरबीचे. नळीचे हाड फोडल्यावर आत मगज असतो, तो मटण खाणाऱ्यांना सांगायला नको. आपल्याही हाडात तो असतो. त्या मगजात काही मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून हाड भरणारी पेशी होऊ शकते किंवा चरबीची पेशी होऊ शकते, दोघींची आई एकच. वय वाढते, हालचाल कमी होते, तशा या पेशी हाडाचे काम सोडून चरबीच्या बाजूला वळतात. म्हणजे होडी बांधायला आलेले गडी झाडाखाली पत्ते खेळत बसावेत तसे. गंमत म्हणजे उपाशी राहून काटक्या झालेल्या मुलींच्या हाडातसुद्धा ही आतली चरबी वाढलेली सापडते. बाहेरून बारीक दिसणे आणि आतून चरबी नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ड जीवनसत्त्वाचेही तसेच. ते चरबीत विरघळते. अंगावर चरबी फार असली की ते तिच्यात पसरून जाते आणि रक्तात कमी पडते. तेवढेच ऊन घेऊनही जाड माणसाच्या रक्तात ते सहसा कमी निघते, आणि ते कमी असले की खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट ओढले जात नाही.

आता पडण्याचा हिशेब. जाड बाई मागे किंवा बाजूला पडली तर खुब्यावर गादी आहे. घोट्यावर गादी कुठे आहे? पाय मुरगळला तर ८४ किलोचा सगळा पिळा त्या दोन हाडांवर येतो. हाडाची घनता थोडी जास्त असली तरी वजन त्याहून कितीतरी जास्त वाढलेले असते. म्हणून वजनदार बायकांमध्ये खुबा आणि मनगट त्या मानाने कमी मोडते, पण घोटा आणि दंडाचे हाड जास्त मोडते, असे दिसून आले आहे. त्यातून गुडघे दुखत असतात, तोल सावरायला स्नायू पुरत नाहीत, त्यामुळे पडण्याची वेळही जास्त येते.

तर त्या मुलाला मी नंतर सांगितले ते एवढेच, की दोघींचीही हाडे मोडायचीच होती, फक्त जागा वेगळ्या होत्या.

काहींना वाटेल, आपला इंडेक्स बरोबर आहे, आपल्याला काळजी नाही. त्यांच्यासाठी पुण्यातल्या डॉक्टरांची एक गोष्ट. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली स्वतःचाच फोटो एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एक मॅरेथॉन पळणारा, दुसरा आपल्यासारखा. आपल्या लोकांची ठेवणच अशी आहे की बारीक हातापायांच्या माणसाच्या पोटातही चरबी असते. म्हणून आपल्याकडे इंडेक्स २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठ असे धरतात, परदेशातले आकडे लावत नाहीत. आणि काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की पोटाची चरबी वाढली असे समजावे.

गोव्यात तर हे जास्तच लागू आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत पहिला नंबर आपला. मधुमेहाचा आणि हाडाचा संबंध मला आधी ठाऊक नव्हता. या लोकांचे हाड मशीनवर मोजले तर घनता चांगली येते, कधी इतरांपेक्षाही चांगली, आणि तरी मोडण्याचे प्रमाण जास्त. कारण हाडात नुसते कॅल्शियम नसते, त्याला लवचीक ठेवणारा प्रथिनाचा धागा असतो. रक्तातल्या साखरेने तो धागा कडक होतो. दोरखंड उन्हापाण्यात पडून कडक झाला की दिसायला जाडच दिसतो, पण हिसका दिल्यावर तुटतो, तसेच हे. त्यात पायांना बधिरपणा, डोळ्यांना कमी दिसणे, साखर एकदम उतरून चक्कर येणे, म्हणजे पडायलाही कारणे भरपूर. घरात कुणाला मधुमेह असेल तर रिपोर्टमध्ये हाड चांगले आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

आता थोडे आपल्या धंद्याबद्दल. रापण ओढणाऱ्या जुन्या माणसांचे पाय आठवून बघा. टाच वाळूत रोवून, कमरेत ताठ होऊन, पंचवीस-तीस जण तासभर दोर ओढायचे. ओढ, हिसका, भार, हाडाला जे जे लागते ते सगळे त्यात होते. बायका डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव चालायच्या. त्या काळचे सगळे चांगले होते असे मी म्हणत नाही. त्या पाट्यांनी माना गेल्या, गुडघे गेले, हे घरोघर माहीत आहे. पण खुब्याच्या आणि मांडीच्या हाडाला काम होते. आज रापण मोजक्या ठिकाणी उरली. जाळे विंच ओढते. क्रेट उचलायला परराज्यातली मुले. मासळी टेम्पोने बाजारात जाते आणि आपली बाई सकाळपासून दुपारपर्यंत एका पाटावर बसते. आणि आपण ट्रॉलरमालक? आपण खुर्चीत बसून मोबाईलवर दर विचारतो. दहा पावलांवरच्या दुकानातही स्कूटरने जातो. मी माझ्यासकट बोलतो आहे. आपली कमाई वाढली तशी कंबर वाढली, आणि हाडाला मिळणारी ओढ मात्र गेली. बंदीचे ६१ दिवस तर विचारूच नका. ऑगस्टमध्ये जाताना किती जणांच्या पँटचे बटण लागत नाही ते मला माहीत आहे.

खलाशांचे उलटे आहे. काम भरपूर, ऊन भरपूर, पण पोटात काय? दोन वेळ भात आणि कालवण, त्यावर विडी, आणि रात्री दारू. विडी-सिगारेटने हाडाची भरती कमी होते. दारूचे रोजचे तीन पेग किंवा जास्त झाले की हाड मोडण्याचा धोका वाढतो, हे पक्के आहे. मग ती फेणी घरची असो की बाटलीतली. दारू पिणारा पडतोही जास्त, हे तर सांगायलाच नको. मालकांना विनंती आहे की बोटीवर शिधा भरताना अंडी, डाळ, दूध पावडर यांचाही विचार करा. बारीक अंगाचा गडी म्हणजे काटक, हे दरवेळी खरे नसते.

वजनाचे हे सगळे वाचून कुणी उद्यापासून जेवण सोडू नका. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. जेवण तोडून वजन झटपट उतरवले की चरबीबरोबर स्नायूही जातो आणि हाडही जाते. अमेरिकेत वयस्कर आणि लठ्ठ अशा १०७ जणांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी नुसते खाणे कमी केले त्यांच्या खुब्याची घनता २.६ टक्क्यांनी घटली. ज्यांनी खाणेही कमी केले आणि व्यायामही केला त्यांची १.१ टक्क्यांनी घटली. आणि ज्यांनी नुसता व्यायाम केला त्यांची दीड टक्क्याने वाढली. सत्तरीच्या आसपासची माणसे होती ही! त्या वयातही हाड ऐकते, हे मला फार मोलाचे वाटले. म्हणजे वजन उतरवायचेच तर महिन्याला एक-दोन किलोच्या बेताने, आणि अंगमेहनत जोडीला ठेवून.

घरातल्या तरुण मुलींकडेही लक्ष ठेवा. लग्न ठरले की जेवण सोडतात. बारीक होण्याच्या नादात तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर ते चांगले लक्षण नव्हे. पंचविशीच्या आत जे हाड कमवायचे ते त्या वेळी बुडते आणि त्याची भरपाई नंतर पूर्ण होत नाही. मुलीला डॉक्टरकडे न्या, रागावू नका.

व्यायाम म्हणजे जिमच पाहिजे असे नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे, दहा वेळा, दिवसातून दोनदा. भिंतीला हात लावून टाचा वर उचलायच्या आणि खाली टेकवायच्या. जिना चढायचा. ओल्या वाळूवर चालायचे. बरोबर हातात थोडे वजन. नुसते सावकाश चालणे हृदयाला चांगले, पण हाडाला थोडी ओढ लागते. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत हे आधीच ठरले आहे त्यांनी मात्र कमरेत वाकून वजन उचलायचे नाही. खाली ठेवलेली भरलेली पाटी किंवा क्रेट वाकून एकट्याने उचलताना मणका दबून चेपतो, तेवढेच कारण पुरते. दोघांनी उचला, गुडघ्यात वाकून उचला. एखाद्या बाईची उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त घटली असेल, पाठीला बाक आला असेल, तर मणका कधीतरी न कळत चेपला असण्याची शक्यता असते. वय म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढा.

खाण्यात आपण नशीबवान आहोत. तारली, बांगडा यांसारख्या तेलकट मासळीत ड जीवनसत्त्व असते, आणि ते फार थोड्या अन्नात मिळते. लहान तारल्या, मोतयाळी काट्यासकट खाल्ल्या तर कॅल्शियमही मिळते. आंबट घालून मंद आचेवर चांगल्या शिजवल्या की काटा मऊ पडतो, जुन्या बायकांना हे ठाऊक आहे. पण आपण काय करतो? चांगली तारली विकतो आणि घरी चिकन आणतो! मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते, म्हणजे नाचणीची तिजण ही काही गरिबांची पेज नव्हे. दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला हेही घ्या. सुक्या मासळीत कॅल्शियम भरपूर, पण मीठ जास्त झाले की ते लघवीतून कॅल्शियम घेऊन जाते, त्यामुळे खारवलेली मासळी बेताने आणि भिजवून धुऊन.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सांधेदुखीवर किंवा दम्यावर कुणी पुडी देते, इंजेक्शन देते आणि दुसऱ्या दिवशी माणूस टुणटुणीत होतो. बऱ्याचदा त्यात स्टेरॉइड असते. तीन महिन्यांहून जास्त पोटात गेले तर हाड पोखरते, आणि वरून वजनही वाढवते, म्हणून माणूस तब्येत सुधारली असे समजतो. कागदावर नाव लिहून न देणाऱ्याचे औषध घेऊ नका. डॉक्टरांनीच दिलेले स्टेरॉइड मात्र मनाने एकदम बंद करू नये, तेही धोक्याचे.

आणि पडल्यावर काय करायचे ते. त्या पहिल्या आईला घरच्यांनी मुका मार समजून दोन दिवस तेल चोळले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. मी मुलाला काही बोललो नाही, त्याला आधीच वाईट वाटत होते. पण तुम्हा सगळ्यांना सांगतो. म्हातारे माणूस पडले आणि उठता येत नाही, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले आहे, तर ते खुब्याचे हाड मोडलेले समजायचे. चोळायचे नाही, ओढायचे नाही, हाडवैद्याकडे न्यायचे नाही. १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल. ऑपरेशन एक-दोन दिवसांत झाले तर माणूस लवकर उठून बसते. पडून राहिले की छातीत कफ, पाठीला जखमा, रक्ताच्या गाठी सुरू होतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक वर्षभरात जातो, तो हाडामुळे नव्हे, या पडून राहण्यामुळे.

पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने, म्हणजे उभ्या उंचीवरून पडून, हाड मोडले असेल तर प्लास्टर काढल्यावर विषय संपत नाही. डेक्सा स्कॅन करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. त्यात टी-स्कोअर येतो. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीचच्या मधे हाड कमी झालेले, उणे अडीच किंवा त्याखाली ठिसूळ. यावर आता औषधे आहेत. घोटा मोडलेल्या त्या आईला जाड म्हणून कुणी हे सुचवलेच नव्हते. मुलाने विचारल्यावर आता तारीख मिळाली आहे.

विम्याचे एका ओळीत सांगतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात १८ ते ७० वयापर्यंतचे मच्छीमार आणि मासळीच्या धंद्यातली माणसे येतात, आणि अपघाताने दवाखान्यात राहावे लागले तर २५ हजारांपर्यंत खर्च मिळतो. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायकांची नावे नोंदवायची राहिली असतील तर बंदी संपायच्या आत नोंदवून घ्या. दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा, बिलाची झेरॉक्स चालत नाही.

कार्यालयात वजनकाटा आणून ठेवला आहे, भिंतीवर उंचीची पट्टी लावली आहे आणि टेबलाच्या खणात शिंप्याची टेप आहे. सकाळी ९ ते १ या वेळात कुणीही यावे. बायकांना संकोच वाटू नये म्हणून बुधवारी महिला संचालक स्वतः थांबतील आणि मापे वहीत नाही, तुमच्याच चिठ्ठीवर लिहून देतील. माझा आकडा मी दारावर लावला आहे. कंबर ९७.

आपला,
सेक्रेटरी